शितावरून भाताची परीक्षा : सळईचा कारखाना आणि संगणक

घराचा स्लॅब टाकण्याआधी सेंट्रिंगवर सळयांची जाळी बांधलेली तुम्ही पाहिली असेल. कामगार ती तारेने बांधतात, घरमालक एकदा फेरी मारून जातो आणि मग तिच्यावर काँक्रीट पडते. त्या दिवसानंतर ती सळई कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. पुढची पन्नास-साठ वर्षे तिने मुकाट्याने भार पेलायचा असतो. आंबा आंबट निघाला तर आपण पुढच्या खेपेला दुसऱ्या दुकानात जातो. सळई कच्ची निघाली तर मात्र ते कळायला उशीर झालेला असतो. म्हणून तिची परीक्षा कारखान्यातच व्हावी लागते.

येथे एक अडचण उभी राहते. सळई किती ताण सोसते हे पाहायचे तर ती तुटेपर्यंत ओढावी लागते. म्हणजे जी सळई परीक्षेला बसली ती संपली, आणि जी घरात वापरली गेली ती परीक्षेला बसलीच नव्हती! मग न तपासलेल्या हजारो सळयांबद्दल कारखाना खात्री कशी देतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्या एका जुन्या म्हणीत दडले आहे : शितावरून भाताची परीक्षा. या म्हणीचा आणि आजच्या कारखान्यातील संगणकाचा संबंध काय, ते या लेखात पाहू.

जालन्याचे पोलाद

उदाहरणासाठी आपण जालन्याला जाऊ. ‘जालना, सोने का पालना’ ही या गावाबद्दलची जुनी उक्ती तुमच्या कानावरून गेली असेल. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज हे शहर दोन उद्योगांसाठी ओळखले जाते, एक बियाण्यांचा आणि दुसरा पोलादाचा. जालन्याच्या आसपास लोहखनिजाची खाण नाही, दगडी कोळशाचीही नाही. तरीही येथे बांधकामाच्या सळया बनवणारे अनेक कारखाने आहेत. त्यांचे खनिज म्हणजे मुख्यतः भंगार. मोडलेल्या यंत्रांचे भाग, जुने पत्रे, तुटलेले गर्डर, कातकामातून उरलेला चुरा हे सारे येथे येते. त्याच्या जोडीला स्पंज आयर्न म्हणजे खनिजापासून न वितळवता मिळवलेले सच्छिद्र लोखंडही वापरतात.

हे भंगार इंडक्शन भट्टीत वितळवतात. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा तुम्ही शिकला असाल. भट्टीभोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे असते आणि त्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि आतल्या लोखंडात भोवरे प्रवाह उत्पन्न होतात. लोखंडाचा विद्युतरोध त्या प्रवाहांना अडवतो व लोखंड तापते. तपमान १६०० अंश सेल्सियसच्या घरात गेले की भट्टीत पांढऱ्याशुभ्र तेजाचा रस तयार होतो. तो रस साच्यांतून ओतून चौकोनी कांड्या पाडतात, त्यांना बिलेट म्हणतात. तांबडीलाल बिलेट एकामागून एक रुळांच्या जोड्यांतून जाते, प्रत्येक जोडीत थोडी बारीक व थोडी लांब होते आणि शेवटी सळई होऊन बाहेर पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंडक्शन भट्टी लोखंड वितळवते, पण त्यातील सर्व दोष काढून टाकत नाही. विशेषतः फॉस्फरस. वालुकामय अस्तराच्या भट्टीत तो फारसा कमी होत नाही. तो जास्त झाला तर पोलाद ठिसूळ बनते. म्हणजे भंगारातून जे आत गेले त्यातले बरेचसे सळईत उतरणार! त्यामुळे गुणनियंत्रणाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, ती भंगाराच्या ट्रकच्या वजनकाट्यावरच होते. कोणत्या ट्रकमधून कोणत्या जातीचे भंगार आले आणि ते कोणत्या ढिगात पडले, याची नोंद हे गुणनियंत्रणाचे पहिले पान होय.

एक घाणा, एक क्रमांक

भजी तळताना कढईत एका वेळी जेवढी पडतात त्यांना आपण ‘घाणा’ म्हणतो. भट्टीतही एका वेळी वितळवलेल्या पोलादाचा असाच घाणा असतो. कारखान्यात त्याला ‘हीट’ म्हणतात आणि प्रत्येक हीटला एक क्रमांक देतात.

आता म्हणीकडे वळू. एका शितावरून सारा भात शिजला की नाही हे आपण का ठरवू शकतो? कारण पातेल्यातील सर्व शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर, एकाच वेळी शिजली आहेत. पोलादाच्या घाण्यालाही हे लागू पडते. किंबहुना अधिकच लागू पडते, कारण इंडक्शन भट्टीतील चुंबकीय बलामुळे वितळलेला रस आपोआप ढवळला जातो. त्यामुळे पळीभर रसातील कार्बनचे प्रमाण हे साऱ्या घाण्यातील कार्बनचे प्रमाण मानता येते.

समजा, घाणा २० टनांचा आहे आणि त्यापासून १२ मिलिमीटर व्यासाच्या, प्रत्येकी १२ मीटर लांबीच्या सळया करायच्या आहेत. अशा एका सळईचे वजन सुमारे १०.६६ किलोग्रॅम भरते. म्हणजे थोडी घट सोडली तरी अठराशेच्या आसपास सळया होतील. त्यांतील दोन-चार तोडून पाहिल्या तर उरलेल्या साऱ्या सळयांबद्दल आपण बोलू शकतो. मात्र अट एकच : त्या खरोखर त्याच घाण्याच्या असल्या पाहिजेत. शित एका पातेल्यातले आणि भात दुसऱ्या पातेल्यातला असे झाले, तर परीक्षा कितीही काळजीपूर्वक केली तरी ती व्यर्थ होय.

कारखान्यात ही गल्लत होणे अवघड नाही. भट्ट्या दोन-तीन असतात, रात्रपाळी असते, बिलेटांचे ढीग शेजारी शेजारी असतात. क्रेनवाल्याने एक बिलेट चुकून दुसऱ्या ढिगावर ठेवले की शिताचा आणि भाताचा संबंध तुटतो. हा संबंध न तुटू देणे हे कारखान्यातील संगणकप्रणालीचे सर्वांत मोठे काम आहे.

प्रकाशाने घेतलेली परीक्षा

पहिली परीक्षा रस भट्टीत असतानाच होते. थोडा रस काढून त्याची वडी पाडतात, ती घासून सपाट करतात आणि वर्णपटमापक यंत्राखाली ठेवतात. यंत्रात आर्गॉन वायूच्या वातावरणात वडीवर विजेची ठिणगी पडते. ठिणगीच्या उष्णतेने पृष्ठभागावरील अणू बाष्परूप होतात आणि प्रकाश देतात. चुलीच्या ज्योतीवर मिठाचे पाणी शिंपडले की ज्योत पिवळी होते, तो सोडियमचा रंग. त्याचप्रमाणे कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस या प्रत्येकाची प्रकाशरेषा ठरलेली आहे. यंत्र हा प्रकाश जालकाच्या साहाय्याने पसरवते व प्रत्येक रेषेची तीव्रता मोजते. तीव्रता जितकी जास्त तितके त्या मूलद्रव्याचे प्रमाण जास्त. रासायनिक पद्धतीने ज्या कामाला बराच वेळ लागे, ते येथे थोड्या मिनिटांत होते.

निकाल कशाशी ताडून पाहायचा? भारतीय मानक ‘आयएस १७८६ : २००८’ मध्ये सळयांच्या प्रतींसाठी मर्यादा दिल्या आहेत. ‘एफई ५००’ या प्रतीत कार्बन ०.३० टक्क्यांपेक्षा आणि गंधक व फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ‘एफई ५००डी’ ही प्रत अधिक कडक आहे. तिच्यात कार्बन ०.२५ टक्के आणि गंधक व फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्के ही कमाल मर्यादा आहे.

यातील ‘डी’ हे अक्षर तन्यतेसाठी, म्हणजे न तुटता लांबण्याच्या गुणासाठी आहे. ते अक्षर कोणाच्या जिवावर बेतू शकते हे मराठवाड्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील दगडमातीची घरे जमीनदोस्त केली. ती घरे काँक्रीटची नव्हती. पण २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमधील भूजजवळ भूकंप झाला, तेव्हा दूरच्या अहमदाबादमध्ये काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. इमारत कोसळण्याची कारणे अनेक असतात. आराखडा, पाया, काँक्रीट आणि बांधणी या सर्वांचा त्यात भाग असतो. सळईच्या वाट्याला येणारे काम एवढेच, की जमीन हादरली तर तिने काचेसारखे तुटू नये, तर वाकावे व लांबावे आणि माणसांना बाहेर पडायला अवधी द्यावा.

सळईची कड आणि गाभा

एके काळी आपल्याकडे सळईला थंड स्थितीत पीळ देऊन तिचे बळ वाढवीत. तिला ‘टोर’ सळई म्हणत. आजची सळई टीएमटी म्हणून ओळखली जाते. तिचे बळ पाण्यातून येते. शेवटच्या रुळातून निघालेली तप्त सळई जोरदार पाण्याच्या नळ्यांतून जाते. बाहेरचा थर क्षणात थंड होऊन अतिशय कठीण होतो, पण गाभा अजून तप्तच असतो. सळई थंड होण्याच्या मांडणीवर आली की गाभ्यातील उष्णता बाहेर येते आणि त्या कठीण थराला पुन्हा थोडी ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवते. अशा रीतीने कड कणखर आणि गाभा लवचीक अशी सळई तयार होते. तिचे टोक घासून आम्लाचा हात दिला की ही कड गडद वर्तुळासारखी दिसते.

म्हणजे घाण्यातील रसायन योग्य असूनही सळई बिघडू शकते. पाण्याचा दाब कमी पडला तर कड पातळ होईल आणि बळ घटेल. सळईचा वेग वाढला तर पाण्यात ती कमी वेळ राहील. जालन्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, पाणी फिरवून फिरवून वापरावे लागते, आणि कठीण पाण्यातील क्षार नळ्यांच्या तोंडांशी साचतात. म्हणून येथे पाण्याचा दाब व तपमान, सळईचा वेग आणि पाण्यातून बाहेर आल्यावरचे तिचे तपमान या गोष्टी सतत मोजाव्या लागतात. तप्त सळईला हात लावता येत नाही, तेव्हा तिचे तपमान तिच्या प्रारणावरून दुरून मोजणारा पायरोमीटर वापरतात.

शेवटी येते ओढण्याची परीक्षा. ‘५००’ या आकड्याचा अर्थ असा, की दर चौरस मिलिमीटरला निदान ५०० न्यूटन ताण येईपर्यंत सळई कायमची लांबू नये. १२ मिलिमीटरच्या सळईचा काटछेद ११३.१ चौरस मिलिमीटर असतो. ५०० ने गुणा, ५६,५५० न्यूटन येतात. एका सळईला सुमारे ५,७६५ किलोग्रॅम वजन टांगण्यासारखेच हे झाले! ओढता ओढता सळई तुटते, तेव्हा ती किती लांबली हेही मोजतात. ‘एफई ५००’ निदान १२ टक्के आणि ‘एफई ५००डी’ निदान १६ टक्के लांबली पाहिजे. शिवाय सळई वाकवून तिला तडा जातो का, हेही पाहतात.

संगणक नेमके काय करतो?

आतापर्यंत संगणकाचे नाव क्वचितच आले. कारण परीक्षा यंत्रे व माणसे घेतात. संगणक चार कामे करतो, ती एकेक पाहू.

पहिले काम लक्षात ठेवण्याचे. यंत्रांजवळ पीएलसी नावाचे छोटे, दणकट नियंत्रक असतात. अशा नियंत्रकाची कल्पना अमेरिकेत डिक मॉर्ली यांनी १९६८ साली मांडली. त्याआधी हे काम रिलेंनी भरलेली मोठाली कपाटे करीत. पीएलसी संवेदकांकडून दाब, वेग, तपमान घेतो आणि झडपा व मोटारी चालवतो. त्याच्यावरच्या पायरीला ‘स्काडा’ म्हणतात. तेथे साऱ्या यंत्रांची स्थिती एका पडद्यावर दिसते. त्याच्याही वर ‘एमईएस’ म्हणजे उत्पादन-कार्यवाहीची प्रणाली असते. ती या सर्व आकड्यांना हीट क्रमांकाच्या धाग्यात ओवते. अमुक हीटमध्ये कोणते भंगार पडले, वर्णपटमापकाने काय सांगितले, बिलेटे किती झाली, ती केव्हा रुळांत गेली, तेव्हा पाण्याचा दाब किती होता, ओढण्याच्या परीक्षेत काय निघाले आणि सळयांच्या मोळ्या कोणत्या ट्रकमधून गेल्या, हे सारे एका क्रमांकाखाली सापडते. सर्वच कारखान्यांत या सर्व पायऱ्या नसतात. लहान कारखान्यात एखादा संगणक आणि एक वही एवढ्यावरही काम चालते. तत्त्व मात्र तेच.

दुसरे काम तुलना करण्याचे. वर्णपटमापकाचा आकडा सरळ संगणकात जातो व मानकाशी ताडला जातो. समजा, ‘एफई ५००डी’साठी केलेल्या घाण्यात फॉस्फरस ०.०४३ टक्के निघाला. मर्यादा ०.०४०. पहाटे तीन वाजता दमलेल्या माणसाच्या नजरेतून हा फरक निसटू शकतो. संगणकाच्या नजरेतून तो निसटत नाही.

तिसरे काम थांबवण्याचे. मर्यादा ओलांडली की प्रणाली त्या हीटपुढे ‘रोखली’ अशी खूण करते. मग त्या हीटच्या मोळ्यांना ‘एफई ५००डी’ची चिठ्ठी छापलीच जात नाही, आणि चिठ्ठीशिवाय मोळी काट्यावरून पुढे जात नाही. तो घाणा खालच्या प्रतीत बसतो का, की पुन्हा भट्टीत टाकायचा, हे जबाबदार अधिकारी ठरवतो. त्याने काय ठरवले आणि केव्हा, हेही नोंदले जाते.

चौथे काम कल ओळखण्याचे. हे सर्वांत सूक्ष्म आहे, म्हणून ते सविस्तर पाहू.

शूहार्ट यांचा आलेख

कोणत्याही दोन वस्तू अगदी सारख्या नसतात. एकाच हाताने लाटलेल्या पोळ्याही थोड्या लहानमोठ्या होतात. तेव्हा मोजमापात फरक दिसला की लगेच धावपळ करावी, की तो नेहमीचाच फरक म्हणून सोडून द्यावा? या प्रश्नाला वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने उत्तर दिले. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले, त्यात पहिला नियंत्रण-आलेख होता. पुढे १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेने त्यांना बोलावले होते. आपल्या देशातील कारखान्यांत सांख्यिकीय गुणनियंत्रणाचा प्रसार त्यानंतर जोमाने झाला.

आलेखात मधोमध सरासरीची रेघ असते. तिच्या वर आणि खाली, प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर, दोन नियंत्रण-रेघा असतात. प्रक्रिया नेहमीसारखी चालू असेल तर हजारातील जेमतेम तीन मोजमापे या रेघांच्या बाहेर जातील. म्हणून एखादे बाहेर गेले की काही तरी घडले आहे असे समजावे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १२ मिलिमीटर सळईचे एक मीटरचे वजन मानकाप्रमाणे ८८८ ग्रॅम असते आणि खेपेच्या वजनात दोन्ही बाजूंना ५ टक्के फरक चालतो. म्हणजे सुमारे ८४४ ते ९३२ ग्रॅम. समजा, एका कारखान्याची सरासरी ८८० ग्रॅम आहे आणि नियंत्रण-रेघा ८५६ व ९०४ वर आहेत. दर तासाला घेतलेली वजने अशी आली :

८७७, ८८४, ८७९, ८८२, ८७६, ८७८, ८८३, ८८२, ८८५, ८८४, ८८७, ८८६, ८८९, ८९१.

मानकाची मर्यादा कोणी ओलांडली? नाही. नियंत्रण-रेघ ओलांडली? तीही नाही. मग सारे ठीक आहे काय? शेवटची आठ मोजमापे पुन्हा पाहा. आठही ८८० च्या वर आहेत. केवळ योगायोगाने मोजमाप सरासरीच्या वर पडण्याची शक्यता निम्मी असते. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा छाप येण्याची शक्यता २५६ पैकी १. एवढा दुर्मिळ योगायोग घडला असे मानण्यापेक्षा यंत्रात बदल झाला असे मानणे शहाणपणाचे.

बदल काय झाला असेल? रुळावर सळईच्या आकाराची खाच असते. हजारो मीटर तप्त पोलाद तिच्यातून गेले की खाच झिजते व रुंद होते, आणि सळई हळूहळू जाड होत जाते. जाड सळईने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. सळई वजनावर विकली जाते. मीटरला ८८० ग्रॅम वजन असेल तर एका टनात सुमारे ११३६ मीटर सळई मिळते, ९०४ ग्रॅम असेल तर ११०६ मीटर. म्हणजे तेवढ्याच पैशांत ग्राहकाला ३० मीटर सळई कमी पडली. उलट सळई बारीक झाली तर लांबी वाढेल, पण भार पेलायला पोलाद कमी पडेल.

संगणक प्रत्येक नवे वजन येताच हा आलेख पुढे काढतो, आठच्या नियमासारखे नियम लावून पाहतो आणि मालाने मर्यादा ओलांडण्याच्या आधीच दिवा लावतो. रूळ बदलायला लागणारा वेळ त्यामुळे मिळतो. खराब माल वेचून काढण्यापेक्षा तो होऊच न देणे हे खरे गुणनियंत्रण.

मागे आणि पुढे

समजा, एखाद्या पुलाच्या कामावर सळई वाकवताना तिला तडा गेला. अभियंता मोळीच्या चिठ्ठीवरचा हीट क्रमांक कळवतो. प्रणाली नीट असेल तर काही मिनिटांत दोन दिशांनी शोध घेता येतो. मागे जाऊन पाहता येते, की त्या घाण्यात भंगार कोणते होते, रसायन काय होते, पाण्याचा दाब ढळला होता का. आणि पुढे जाऊन पाहता येते, की त्याच घाण्याच्या उरलेल्या सळया कोणकोणत्या गावी गेल्या. दुसरी दिशा अधिक मोलाची. तक्रार एका ठिकाणाहून आली, पण धोका दहा ठिकाणी असू शकतो. ज्यांना अजून काहीच ठाऊक नाही, त्यांना स्लॅब टाकण्याआधी सावध करता येते.

जालन्याच्या दुसऱ्या उद्योगातही हेच तत्त्व आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या पिशवीवर लॉट क्रमांक असतो. उगवण तपासलेले दाणे शेतात पेरले जात नाहीत, पेरले जातात ते दुसरेच. त्या दोहोंना जोडतो तो लॉट क्रमांक. शेतकऱ्याने पिशवी व पावती जपून ठेवावी असे का सांगतात, हे आता तुमच्या लक्षात येईल.

संगणकाला फसवता येते का?

येते. संगणकाला सळई दिसत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. तोलकाटा खोटा असेल तर तो खोट्या वजनाचा सुबक आलेख काढील. नमुना घेणाऱ्याने मुद्दाम चांगल्या दिसणाऱ्या सळईचा तुकडा निवडला, तर शित भाताचे उरणार नाही. एखाद्या हीटची परीक्षा न करताच आदल्या दिवसाचे आकडे कोणी टाकले, तर पडद्यावर सारे हिरवेच दिसेल.

यावर काही उपाय आहेत. यंत्राचा आकडा हाताने न लिहिता सरळ प्रणालीत जावा. नोंद बदलायची झाली तर जुना आकडा पुसला जाऊ नये. तो तसाच राहून नवा आकडा, बदलणाऱ्याचे नाव, वेळ व कारण यांची शेजारी नोंद व्हावी. वर्णपटमापक आणि तोलकाटे ठरावीक काळाने प्रमाणित नमुन्यांशी ताडून पाहावेत, आणि ती तारीख उलटली तर प्रणालीने त्या यंत्राचा आकडा स्वीकारूच नये. नमुना कोणत्या सळईचा घ्यायचा हे माणसाच्या पसंतीवर न सोपवता आधीच ठरलेल्या नियमाने घ्यावा.

एवढे करूनही एक जागा उरते, जेथे फक्त माणूस असतो. रात्रपाळीत भट्टीपाशी पळी घेऊन उभा असलेला कामगार, आणि ‘रोखली’ची खूण पाहूनही ‘गाडी उभी आहे, सोडून द्या’ असे म्हणणारा किंवा न म्हणणारा अधिकारी. संगणक त्यांची आठवण पक्की करतो, त्यांची नजर तीक्ष्ण करतो. प्रामाणिकपणा त्यांनाच आणावा लागतो. आपल्या डोक्यावरचा स्लॅब त्या सर्वांच्या भरवशावर उभा असतो.

करून पाहा

१. जवळपास बांधकाम चालू असेल तर मोठ्यांच्या परवानगीने सळईचा एक तुकडा मागून घ्या. त्याची लांबी व वजन मोजा आणि दर मीटरचे वजन काढा. व्यासाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गाला १६२ ने भागले की दर मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. तुमचे उत्तर किती टक्क्यांनी वेगळे आले? पोलादाची घनता दर घनमीटरला ७८५० किलोग्रॅम धरून १६२ हा आकडा कोठून आला ते शोधा.

२. सळईवर उठावदार अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा. मोळीला चिठ्ठी असेल तर तिच्यावरचा हीट क्रमांक पाहा.

३. घरी रोज लाटलेल्या पहिल्या पोळीचा व्यास पंधरा दिवस मोजा. सरासरीची रेघ काढून आलेख तयार करा. सलग आठ बिंदू एका बाजूला पडले का? पडले असतील तर काय बदलले? पीठ, लाटणे, की लाटणारा हात?

विचार करा

१. वरील उदाहरणात शेवटच्या आठऐवजी सलग चारच मोजमापे सरासरीच्या वर असती, तर तुम्ही रूळ बदलला असता का? त्या योगायोगाची शक्यता किती?

२. शाळेतील पोषण आहाराच्या तांदळाची प्रत तपासायची आहे. एका पोत्यातील मूठभर तांदूळ पाहून सर्व पोत्यांबद्दल मत देता येईल का? केव्हा येईल आणि केव्हा येणार नाही?